अडलेलं वाचन सोडवणाऱ्या अभिजात कादंबऱ्या: पकड कुठे बसते, पान कुठे अडतं

वाचन बंद पडलं की दोन सल्ले हमखास मिळतात. काहीतरी हलकंफुलकं वाचा, नाहीतर एखादं बारीक पुस्तक घ्या. हलकं पुस्तक संपतं खरं, पण मनात काही रेंगाळत नाही, आणि म्हणून पुढचं उचलायची ओढ लागत नाही. बारीक पुस्तकाचंही तसंच. हेमिंग्वेचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) शंभरेक पानांचं आहे, पण त्यात प्रकरणंच नाहीत. म्हातारा, होडी, मासा आणि समुद्र एवढ्यावर ते सलग चालतं. ज्याचं मन सध्या पंधरा-वीस मिनिटंच लागतंय त्याला थांबायला खूण सापडत नाही, आणि एकदा मध्येच सुटलं की परत कुठून धरायचं ते कळत नाही. पानं कमी असूनही पुस्तक राहून जातं.

रीडिंग स्लंप, म्हणजे हे अडलेलं वाचन, मोडायला लागतो तो प्रश्न. पहिल्या वीस-तीस पानांत मनात रुतणारा आणि पुस्तक मिटल्यावरही डोक्यात घोळणारा. अभिजात कादंबऱ्या टिकल्या त्या अशा प्रश्नांवरच. मात्र प्रत्येकीत तो वेगळ्या जागी असतो, आणि प्रत्येकीत एक अडणारी जागाही असते. म्हणून निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: मुख्य प्रश्न किती पानांत उभा राहतो, एक प्रकरण एका बैठकीत संपतं का, आणि कादंबरी कुठे सैल पडते. तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, आणि बहुतेक पुस्तकं सुटतात ती तिथेच. खालच्या कादंबऱ्या या तीन कसोट्यांवर पाहिल्या आहेत. शेवट कुठलाच फोडलेला नाही.

सगळ्यात आधी टॉलस्टॉयची ‘द डेथ ऑफ इव्हान इलिच’ (१८८६). बहुतेक आवृत्त्यांत ऐंशी ते शंभर पानं, प्रकरणं बारा. नायक मरणार हे नावातच आहे आणि पहिल्या प्रकरणात तो मेलेलाच आहे. मग पकड कशाची? न्यायालयाच्या इमारतीत, खटल्याच्या मधल्या सुट्टीत त्याचे सहकारी वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची बातमी वाचतात. प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो आता कुणाची बदली होणार आणि कुणाला बढती मिळणार याचा. पाठोपाठ दुसरा: गेला तो, मी नाही. सांत्वनाला गेलेल्या मित्राला विधवा आडून आडून विचारते, सरकारकडून आणखी पैसे कसे मिळवता येतील. पहिलं प्रकरण संपायच्या आत वाचक त्या खोलीत स्वतःला शोधू लागलेला असतो.

दुसऱ्या प्रकरणापासून गोष्ट मागे जाते: शिक्षण, नोकरी, लग्न, पगार, नवं घर. अडणारी जागा हीच. दुसरं आणि तिसरं प्रकरण सेवापुस्तकातल्या नोंदींसारखं वाटतं, आणि ते तसं मुद्दाम आहे. या माणसाचं आयुष्य किती नीटनेटकं, चारचौघांसारखं, कुणाला नाव ठेवायला जागा नाही असं होतं हे टॉलस्टॉयला आधी दाखवून ठेवायचं आहे. ही दोन प्रकरणं तुकड्यातुकड्यांत न वाचता एका बैठकीत संपवावीत. पडदा कसा लावायचा हे कारागिराला दाखवताना इव्हान इलिच शिडीवरून घसरतो आणि कुशीला खिडकीच्या मुठीचा मार बसतो. घटना एवढीशीच. पुढे तो डॉक्टरकडे जातो आणि त्याच्या लक्षात येतं की आपण आयुष्यभर आरोपींशी ज्या रुबाबात वागलो, त्याच रुबाबात हा डॉक्टर आपल्याशी वागतोय. त्या परिच्छेदानंतर पुस्तक खाली ठेवणं अवघड जातं. शेवटाकडे प्रकरणं आखूड होत जातात, त्यामुळे अडखळत वाचणाऱ्यालाही वेग आल्यासारखं वाटतं. गेरासिम या खेडवळ नोकराची पानं सावकाश वाचावीत. सगळं घर खोटं बोलत असताना तो एकटा बोलत नाही, आणि कादंबरीचा सगळा भार त्याच्या साध्या वागण्यावर तोललेला आहे. घरात गंभीर आजारपण असेल किंवा नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र हे पुस्तक तूर्त बाजूला ठेवावं. ते दिलासा देत नाही, आत खोल शिरतं.

दुसरी, आणि या यादीतली सगळ्यात मोठ्या ताकदीची, दस्तयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (१८६६). पाचशेच्या वर पानं पाहून लोक ती वाचन नीट सुरू झाल्यावर वाचू म्हणतात. गरज नाही. सहा भाग, एकोणचाळीस प्रकरणं आणि एक उपसंहार, अशी ती बांधलेली आहे. १८६६ साली ती वर्षभर मासिकातून हप्त्याहप्त्याने आली, त्यामुळे बऱ्याच प्रकरणांचा शेवट पुढच्याची ओढ लावणारा आहे. रोज एक प्रकरण धरलं तर सहा आठवड्यांत पूर्ण होते.

ती सुटते कुठे ते नेमकं सांगता येतं: पहिल्या भागाचं दुसरं प्रकरण. पहिल्या प्रकरणात रास्कोल्निकोव हा कफल्लक विद्यार्थी वस्तू गहाण ठेवून पैसे देणाऱ्या म्हातारीच्या घरी जाऊन येतो. जाताना पावलं मोजतो, खोल्या न्याहाळतो, किल्ल्या कुठे असतात ते पाहतो. काहीतरी भयंकर शिजतंय हे कळतं आणि वाचक सावरून बसतो. लगेच दुसऱ्या प्रकरणात गुत्त्यात एक दारूडा, मार्मेलादोव, पानंच्या पानं आपली कर्मकहाणी सांगत बसतो. तिसऱ्यात आईचं लांबलचक पत्र. गोष्ट थांबली असं वाटतं आणि पुस्तक मिटतं. पण याच दोन प्रकरणांत पुढची सगळी माणसं आलेली असतात. मार्मेलादोवची मुलगी सोन्या पुढे कादंबरीचा कणा होते, आणि पत्रातून कळणारं बहिणीचं ठरत आलेलं लग्न नायकाला कड्याच्या टोकावर आणून सोडतं. ही दोन प्रकरणं पाठोपाठ दोन दिवसांत संपवावीत. पाचव्यात घोड्याचं स्वप्न आहे, जनावराला मारल्याचं वर्णन वाचवत नसेल तर सावध राहावं. सातव्यात खून होतो. म्हणजे सातव्या दिवशी तुम्ही साहित्यातल्या सगळ्यात श्वास रोखायला लावणाऱ्या प्रसंगांपैकी एकात असता. दार, कडी, पलीकडच्या माणसाचा श्वास, जिन्यावरची पावलं, सगळं इतकं जवळून लिहिलंय की आपण कुणाच्या बाजूने घाबरतोय हेच समजेनासं होतं. विचार सुरू होतो तो इथे.

खून कुणी केला हे ठाऊक असूनही ताण टिकतो, कारण पुढचा प्रश्न वेगळा आहे: त्याने का केला? तो स्वतः वेगवेगळी कारणं देतो आणि एकही पुरं पडत नाही. तपास अधिकारी पोर्फिरी आणि रास्कोल्निकोव यांच्या तीन भेटी (तिसऱ्या भागाचं पाचवं प्रकरण, चौथ्या भागाचं पाचवं, सहाव्या भागाचं दुसरं) म्हणजे पुढच्या सगळ्या गुन्हेकथांना पुरेल एवढा ऐवज आहे. दुसऱ्यांदा वाचन मंदावतं ते पाचव्या भागाच्या सुरुवातीला. तिथे लूझिन (बहिणीचं लग्न ज्याच्याशी ठरत होतं तो) आणि त्याच्या ओळखीचा लेबेझ्यात्निकोव यांच्यात त्या काळच्या नव्या विचारांवर चर्चा चालते. संदर्भ कळला नाही तरी बिघडत नाही, फक्त त्या प्रकरणात लूझिन पैशांचं काय करतो तेवढं लक्षात ठेवावं.

रशियन नावांचा बागुलबुवा एका कागदाने जातो. प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि घरगुती नाव असतं. रोद्या, रोदिओन रोमानोविच आणि रास्कोल्निकोव हा एकच माणूस. त्याची बहीण दून्या म्हणजे अव्दोत्या रोमानोव्ना, सोन्या म्हणजे सोफ्या सेम्योनोव्ना. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारली की आदर, घरगुती नाव आलं की माया. आपल्याकडे ‘बाळासाहेब’ आणि ‘बाळ्या’ यांत जो फरक आहे तोच. दहा नावांची चिठ्ठी पुस्तकात ठेवली की पन्नासाव्या पानानंतर तिच्याकडे बघावंही लागत नाही. इंग्रजीतून वाचणार असाल तर कॉन्स्टन्स गार्नेट यांचा १९१४ चा अनुवाद प्रवाही आहे, पण भाषा जुन्या वळणाची आहे. पेव्हिअर आणि व्होलोखोन्स्की यांचा १९९२ चा अनुवाद मूळ वाक्यांचा खडबडीतपणा राखतो, म्हणून त्यात धाप जास्त जाणवते. वाचन अडलेलं असताना गार्नेट सोपा जातो.

आता ज्यांना खरोखर दोन-तीन दिवसांत काहीतरी संपवून दाखवायचंय त्यांच्यासाठी. स्टीव्हन्सनची ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ (१८८६) दहा लहान प्रकरणांची आहे. रहस्य सगळ्यांना माहीत असतं म्हणून लोक ती वाचतच नाहीत, ही मोठी चूक. गोष्ट जेकिलच्या नव्हे, त्याच्या वकिलाच्या, अटरसनच्या नजरेतून चालते. एका बंद दारापाशी सांगितलेल्या किश्शातून ती सुरू होते, आणि सभ्य माणसं एकमेकांची गुपितं किती काळजीपूर्वक न पाहिल्यासारखी करतात हे तिचं खरं कथानक आहे. आठ प्रकरणं भरभर जातात. शेवटची दोन ही दोन माणसांची लेखी निवेदनं आहेत. त्यांतलं दहावं लांब, दाट परिच्छेदांचं आणि सगळ्यात मोलाचं. ते रात्री झोपताना वाचायला घेऊ नये, ताज्या डोक्याने घ्यावं. डुलक्या घेत वाचलेलं दहावं प्रकरण म्हणजे पुस्तक न वाचल्यात जमा.

काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये (१९१५) प्रश्न पहिल्याच वाक्यात येतो: ग्रेगोर झाम्झा जागा होतो तो किडा होऊन. पण पकड बसते पुढच्या दोन पानांत. गजर चारचा लावलेला, घड्याळात साडेसहा वाजलेत, पाचची गाडी चुकलीय, आणि या माणसाला चिंता आहे ती कामावर उशीर होण्याची. तीन भाग आहेत, तीन बैठकांत तीन भाग हा हिशेब नेमका बसतो. मुखपृष्ठावर किड्याचं चित्र काढू नये असं काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं. तरी असंख्य आवृत्त्यांवर झुरळ दिसतं. शक्य असेल तर चित्र नसलेली प्रत घ्यावी, कारण काय दिसतंय हे अस्पष्ट राहण्यातच घरच्यांच्या वागण्यावर नजर खिळते. मन आधीच उदास असेल तर ही निवड चुकीची ठरू शकते. वाचन सुटण्याचं कारण थकवा असेल तर घ्यावी, निराशा असेल तर टाळावी.

कामूची ‘द स्ट्रेंजर’ (१९४२) भाषेच्या दृष्टीने सगळ्यात सोपी. आखूड वाक्यं, पहिल्या भागात सहा प्रकरणं, दुसऱ्यात पाच. पहिला भाग वाचताना ‘यात घडतंय काय?’ असं वाटतं: अंत्यविधी, पोहणं, सिनेमा, शेजारी, ऊन. पण प्रत्येक किरकोळ तपशील दुसऱ्या भागात आरोपपत्रासारखा परत येतो. म्हणून पहिल्या भागात घाई करू नये आणि उन्हाची वर्णनं गाळू नयेत. जुन्या इंग्रजी अनुवादात पहिल्या वाक्यातला आईसाठीचा शब्द औपचारिक झाला होता, मॅथ्यू वॉर्ड यांनी १९८८ मध्ये मूळ फ्रेंच ‘मामाँ’ तसाच ठेवला. मराठीत ‘आई’ म्हटलं की हा पेच आपोआप सुटतो.

ऑर्वेलची ‘अ‍ॅनिमल फार्म’ (१९४५) दहा प्रकरणांची, आणि तिच्याबरोबर करण्यासारखी एक गोष्ट आहे जी वाचन जागं ठेवते. दुसऱ्या प्रकरणात कोठाराच्या भिंतीवर सात नियम लिहिले जातात. ते कागदावर उतरवून घ्या. पुढे भिंतीवरचा नियम जेव्हा जेव्हा समोर येईल तेव्हा कागद काढून ताडून पाहा. सहाव्या आणि आठव्या प्रकरणात काय होतं ते तुमच्या हातातल्या कागदामुळे कळेल, प्राण्यांकडे मात्र तो कागद नाही. कादंबरीचा सगळा मुद्दा त्या फरकात आहे.

वेग हवा असेल तर गुन्हेकथेला पर्याय नाही, पण तिच्यातही निवड करावी. अगाथा ख्रिस्तीची ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) निव्वळ कोडं म्हणून वाचली तरी चालते, परंतु कायद्याच्या कचाट्यातून सुटलेल्या अपराधाला शिक्षा कुणी द्यायची हा तिचा प्रश्न बरेच दिवस टोचत राहतो. अडचण फक्त पहिल्या प्रकरणात. बेटाकडे निघालेली आठ माणसं तुकड्यातुकड्यांत येतात, नोकर जोडपं आधीच बेटावर असतं, आणि दहा नावांत गोंधळ उडतो. नाव आणि व्यवसाय अशा दहा ओळी लिहून घ्याव्यात. पुढे त्या एकेक करून खोडताना हात थांबत नाही. कॉनन डॉइलची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) पंधरा प्रकरणांची. दुसऱ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य वाचून पुस्तक मिटणारा वाचक विरळा. मध्ये होम्स बराच काळ गायब असतो, वॉटसनची पत्रं आणि डायरी चालते, आणि होम्ससाठी आलेले लोक तिथे कंटाळतात. खरं तर माळरानाची भीती त्याच पानांत भरते. विचाराला मात्र यात फार खाद्य नाही.

डॅफ्नी द्यु मॉरिएची ‘रेबेका’ (१९३८) या दोन्हींहून खोल. सत्तावीस प्रकरणं. सुरुवातीचं स्वप्न सुंदर आहे, पण नंतर श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून राहणारी निनावी निवेदिका, हॉटेल आणि प्रेमाराधन यांत सहा प्रकरणं जातात. मँडर्लीचा वाडा सातव्यात येतो. तिथवर पोचायला दोन बैठका राखून ठेवाव्यात. वाड्यात शिरल्यावर तिथली कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स तुम्हाला सोडत नाही. विसाव्या प्रकरणाच्या आसपास सगळं उलटं होतं, आणि त्यानंतर स्वतःला विचारावं: आपण कुणाची बाजू घेतोय आणि ती घ्यायला आपल्याला कुणी भाग पाडलं? निवेदिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, हे तेव्हा नीट कळतं.

‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) आणि ‘ड्रॅक्युला’ (१८९७) यांची नावं एकत्र घेतात, पण त्या अगदी उलट प्रकारे अडतात. फ्रँकेन्स्टाइनची सुरुवात अवघड: उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या खलाशाची चार पत्रं, मग बालपण, मग विद्यापीठ. १८३१ च्या आवृत्तीत फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला जीव उभा राहतो तो पाचव्या प्रकरणात, आणि कादंबरीचं हृदय म्हणजे अकरा ते सोळा ही प्रकरणं. तिथे तो जीव स्वतः बोलतो, भाषा कशी शिकला ते सांगतो, आणि ज्याला आपण राक्षस समजत होतो त्याचं म्हणणं खोडता येत नाही. अठरा-एकोणीसमधली प्रवासवर्णनं भरभर ओलांडली तरी चालतील. ड्रॅक्युलाची पहिली चार प्रकरणं, किल्ल्यातली डायरी, अप्रतिम. पाचव्यापासून पत्रापत्री सुरू होते आणि उत्तरार्धात व्हॅन हेल्सिंगची लांब भाषणं येतात. सुरुवातीचा झपाटा हवा तर ड्रॅक्युला, शेवटी विचार उरायला हवा तर फ्रँकेन्स्टाइन. दोन्हींतली एकच निवडायची तर फ्रँकेन्स्टाइनच.

मराठीतून, अनुवादाचा पडदा मध्ये न ठेवता वाचायचं असेल तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) सगळ्यांत पुढे ठेवावी. जेमतेम सव्वाशे पानं. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, महायुद्धाचं सावट, प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. बोट पोचायला मोजके दिवस आहेत, हाच कादंबरीचा घड्याळाचा काटा. सुरुवातीचं चक्रधरचं आत्मचिंतन काहींना टोचतं. त्याला माफ करायची घाई करू नये, लेखकालाही ती नाही. इतकी जुनी कादंबरी इतक्या तुटक, धारदार वाक्यांत चालते हे पाहून आजचा वाचक चकित होतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वेगळ्या कारणासाठी. तिच्यात रहस्य नाही, ताणलेलं कथानक नाही. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, एकेक माणूस, एकेक प्रसंग. रोज पाच-दहा पानंच होत असतील तर तिच्यासारखी दुसरी नाही, कारण कुठेही थांबलं तरी धागा तुटत नाही. तालीम बांधायचं काम निघतं तिथून गती येते. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितलेली आहे. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या बाजू कळत जाणं ही तिची खरी पकड. उपमांची गर्दी आणि चिंतनाचे लांब परिच्छेद हा तिचा दोष. चिंतन जड झालं की पुढच्या संवादापर्यंत सरकावं, परत येताना ते जास्त कळतं.

वाचन थोडं रुळलं की ड्यूमाची ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ हातात घ्यावी. १८४४ ते १८४६ या काळात हप्त्यांनी आलेली, एकशे सतरा प्रकरणांची. आकडा भीतिदायक, पण पहिली तीस प्रकरणं उतारावरच्या गाडीसारखी जातात: पाचव्यात अटक, आठव्यात तुरुंग, विसाव्या-एकविसाव्यात सुटका, तिसाव्यात उपकाराची फेड. लोक सोडतात ते एकतिसाव्यात. तिथे अचानक इटली, फ्रान्झ आणि आल्बेर ही नवी तरुण मंडळी, रोमचा कार्निव्हल, डाकू, आणि आपला नायक कुठेच नाही. तो आहे, फक्त त्याच्याकडे आपण आता परक्यांच्या नजरेने पाहतोय. अडतिसाव्यापर्यंत धीर धरावा, पुढे पॅरिस येतं आणि सूडाची चाकं फिरू लागतात. इथे जुन्या शत्रूंची नवी नावं लिहून ठेवणं अत्यावश्यक आहे. फर्नांद आता काउंट द मॉर्सेर्फ आहे, दांग्लार बॅरन आहे. इंग्रजीत रॉबिन बस यांचा १९९६ चा संपूर्ण अनुवाद घ्यावा, जुन्या अनुवादात तेव्हाच्या संकोचापायी काही गोष्टी सौम्य केलेल्या आहेत. सूड घ्यायचा हक्क माणसाला कुठवर, हा प्रश्न शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तापतो, आणि नेमका तोच हिस्सा संक्षिप्त आवृत्त्यांत सपाट होतो.

काही थोर पुस्तकं या कामाला चालत नाहीत. ‘मोबी डिक’मध्ये (१८५१) एकशे पस्तीस प्रकरणं आहेत आणि बत्तिसावं सगळं देवमाशांच्या वर्गीकरणावर आहे. ‘ले मिझेराब्ल’मध्ये (१८६२) दुसऱ्या खंडाच्या तोंडाशीच वॉटर्लूची लढाई सविस्तर येते. ‘वदरिंग हाइट्स’मध्ये (१८४७) आई आणि मुलगी दोघी कॅथरीन, त्यामुळे दोन दिवसांचा खंड पडला तरी घराणं विसरतं. ‘डोरियन ग्रे’ मात्र चालेल, १८९१ ची वीस प्रकरणांची आवृत्ती घ्यावी आणि रत्नं, अत्तरं, भरतकाम यांनी भरलेलं अकरावं प्रकरण चाळून पुढे जावं.

आवृत्तीबद्दल थोडं. अभिजात कादंबरीच्या सुरुवातीची प्रस्तावना बहुधा शेवट सांगून मोकळी होते, कारण ती कादंबरी वाचलेल्यांसाठी लिहिलेली असते. ती शेवटी वाचावी. मागच्या मलपृष्ठावरचा मजकूरही टाळावा. मराठी अनुवाद घेताना आतल्या पानावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ हे शब्द आहेत का ते आधी पाहावं. पाचशे पानांची कादंबरी दीडशे पानांत मिळाली तर उरतं ते फक्त कथानक, आणि या कादंबऱ्यांचं कथानक हा त्यांचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. स्कॅन केलेली, ओळी तिरक्या गेलेली फाइल फुकट मिळाली तरी नको. डोळे शिणले की दोष पुस्तकावर जातो.

वाचताना वेळेपेक्षा प्रकरण मोजावं. मिनिटाला दोनशे शब्द धरले तर पंचवीस मिनिटांत पाच हजार शब्द होतात, म्हणजे वरच्या बहुतेक कादंबऱ्यांचं एक प्रकरण. अडलेला शब्द लगेच फोनवर शोधू नये. शब्द मिळतो, पण फोन हातात राहतो. पानाच्या कडेला टिंब करून पुढे जावं, प्रकरण संपल्यावर टिंबं पाहावीत. त्यातली अर्धी तोवर आपोआप सुटलेली असतात. प्रकरण संपलं की पुढच्याचा पहिला परिच्छेद वाचूनच पुस्तक मिटावं, म्हणजे उद्याची सुरुवात अनोळखी पानाने होत नाही. तीन दिवसांहून मोठा खंड पडला तर मागची दोन पानं परत वाचावीत, सगळं प्रकरण नको. आणि सोडायचंच असेल तर सांगितलेली अडणारी जागा ओलांडून, पुढचं एक प्रकरण वाचून मग सोडावं. इव्हान इलिचचं चौथं, रास्कोल्निकोवचं सातवं, रेबेकाचं आठवं, माँटे क्रिस्टोचं एकोणचाळिसावं. तिथे पोचूनही पुस्तक परकंच वाटलं तर ते आपलं नाही, ते निर्धास्त परत करावं आणि त्याच दिवशी दुसरं सुरू करावं. मध्ये आठवडा जाऊ दिला की स्लंप पुन्हा मूळ धरतो.

पहिलं संपल्यावर दुसरं लगेच ठरलेलं असावं, आणि ते पहिल्याला लागून असलेलं. ‘इव्हान इलिच’नंतर ‘द स्ट्रेंजर’, कारण मरणासमोरची दोन अगदी निराळी माणसं शेजारी बसतात. ‘जेकिल अँड हाइड’नंतर ‘फ्रँकेन्स्टाइन’. ‘रणांगण’नंतर ‘रेबेका’, दोन्ही युद्धाच्या तोंडावर, एका वर्षाच्या अंतराने आलेल्या. ‘अँड देन देअर वेअर नन’नंतर सरळ ‘क्राइम अँड पनिशमेंट’. आणि ‘क्राइम अँड पनिशमेंट’नंतर चार दिवस काहीच नको. उपसंहाराची दोन प्रकरणं पुन्हा वाचावीत, कारण पहिल्या वाचनात ती घाईने उरकली जातात.